संध्याकाळची चिडचिड आणि रविवारची मरगळ: दोन तक्रारी, दोन वेगळे उपाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, घर बदलापूरला, हिशेबाची नोकरी लोअर परळला, जाऊन-येऊन रोज तीन-साडेतीन तासांचा प्रवास. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मुलांवर खेकसणं होतं आणि रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. रविवारी मात्र काहीच करावंसं वाटत नाही, सगळा दिवस अंथरुणात आणि मोबाइलवर जातो. ध्यानाचं ॲप वापरून पाहिलं, पण डोळे मिटून दहा मिनिटं बसवत नाही, उलट छातीतली धडधड जास्त जाणवते. औषध नको, रोज जमतील असे साधे उपाय हवेत.

यात खरं तर दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींना तुम्ही 'टेन्शन' म्हणताय. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी जे होतं तो ताण. शरीर तापलेलं, स्नायू आवळलेले, डोकं पुढच्या गोष्टीकडे धावतंय, जरा आवाज झाला की स्फोट. रविवारी जे होतं ती मरगळ किंवा उदासी. शरीर जड, कशात रस नाही, साधं अंघोळीला उठायचं तरी जिवावर येतं. पहिल्या अवस्थेत शरीराचा वेग खाली आणायचा असतो, दुसऱ्या अवस्थेत तो वर न्यायचा असतो. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. संध्याकाळी तापलेल्या डोक्याने घरातली चार कामं अंगावर घेतात आणि रविवारी आधीच थंडावलेल्या शरीराला आणखी आडवं टाकतात. मग 'सगळे उपाय करून झाले, काही उपयोग नाही' असं वाटू लागतं.

आधी कशावर काय अवलंबून आहे ते सांगते. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर खालच्या काही गोष्टी बदलाव्या लागतील, त्या त्या ठिकाणी तसं लिहिलं आहे. घरात एकटं बसायला खोली नसेल हे मी गृहीतच धरलंय, म्हणून बरेचसे उपाय गाडीत, रस्त्यावर आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी करता येण्यासारखे आहेत. आणि ताणाचं कारण थकलेला हप्ता किंवा रोज अपमान करणारा साहेब असेल, तर श्वासाच्या व्यायामाने हप्ता भरला जात नाही. त्याने एवढंच होतं की त्या प्रश्नाकडे पाहताना डोकं जागेवर राहतं. तेही कमी नाही, पण त्याहून जास्त आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आत्ता आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. जबडा पाहा: वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? खांदे कानांकडे चढलेत का? श्वास छातीच्या वरच्या भागात आणि भराभर चाललाय का? तसं असेल तर ताण. हे काहीच नसून हातपाय जड वाटत असतील, आवडीच्या गोष्टीचं नाव काढलं तरी 'राहू दे' असंच येत असेल, तर उदासी. दोन्हींना शून्य ते दहामध्ये आकडा द्या आणि छोट्या वहीत तारखेसह लिहा. आकडा अचूक असायची गरज नाही. 'आज फार वाईट आहे' आणि 'आज सात आहे' यांत फरक असा, की सातचा पाच झालेला दिसतो आणि 'फार वाईट'मधली घट दिसत नाही.

आता ताणाकडे येऊ. ॲपने तुम्हाला त्रास का झाला हे आधी समजून घ्या, नाहीतर 'माझं मनच चंचल' असा शिक्का स्वतःवर मारून बसाल. आधीच धडधडत असलेलं शरीर घेऊन डोळे मिटले आणि लक्ष आत वळवलं की काही जणांना धडधड, पोटातला गोळा, श्वासाची लय हे सगळं मोठं होऊन जाणवतं. त्या जाणिवेची भीती वाटते, भीतीने धडधड वाढते. शिथिल होताना अस्वस्थता वाढणं हा मानसशास्त्रात नोंदलेला प्रकार आहे, तुमच्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. उपाय सोपा आहे: डोळे उघडे ठेवायचे, नजर एका स्थिर वस्तूवर, आणि लक्ष फक्त बाहेर जाणाऱ्या श्वासावर.

श्वास असा घ्या. नाकाने चार अंक मोजत आत, नाकानेच किंवा ओठांचा चंबू करून सहा अंक मोजत बाहेर. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो, तेव्हा हा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला. मोजण्यासाठी मोबाइल काढू नका. जप मोजतात तसा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवा: चार बोटांची बारा पेरं, बारा श्वास, दोन मिनिटं. अडीच फेऱ्या झाल्या की पाच मिनिटं. अंबरनाथ सुटल्यावर सुरू केलं तर बदलापूर येईपर्यंत होऊन जातं, आणि उभ्याने, दांडा धरून, कोणाच्या लक्षातही न येता होतं.

बाहेरचा श्वास लांबवण्यामागे कारण आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम आवळला जातो. म्हणून सोडण्याचा वेळ वाढवला की त्या लगामाला जास्त वेळ मिळतो. यासाठी श्रद्धा लागत नाही, एकाग्र मनही लागत नाही. मनात उद्याच्या जीएसटी रिटर्नचे विचार चालू असले तरी शरीरावर परिणाम होतो. ज्यांना ध्यान जमत नाही त्यांना मी आधी श्वासच देते, तो याचसाठी.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त चूक 'दीर्घ श्वास' या सूचनेमुळे होते. लोक छाती फुगवून भरपूर हवा आत ओढतात, तीही भराभर. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर उतरतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. तसं झालं तर श्वास खोल नको, छोटा घ्या. आतला श्वास नेहमीएवढाच, फक्त बाहेरचा सावकाश. दुसरी चूक म्हणजे खांदे वर जाणं. एक हात बेंबीवर ठेवा, हालचाल तिथे व्हायला हवी. पट्टा घट्ट असेल तर एक भोक सैल करा, भरल्या पोटी करू नका. तिसरी, चार-सहा जड जात असताना हट्टाने तेच करणं. गुदमरल्यासारखं वाटलं तर तीन आत, चार बाहेर असं सुरू करा आणि आठवडाभराने वाढवा. श्वास रोखून धरायची गरज नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर रोखूच नये.

अगदी घाईच्या क्षणी, म्हणजे साहेबांचा फोन उचलायच्या आधी किंवा घराची बेल दाबायच्या आधी, याचा छोटा अवतार चालतो. नाकाने श्वास घ्या, तो भरला असं वाटल्यावर त्यावर आणखी एक छोटा घोट नाकानेच घ्या आणि मग तोंडाने लांब, आवाज न करता सोडा. रडून झाल्यावर लहान मुलं हुंदक्यानंतर जो उसासा टाकतात, तो असाच असतो. असे दोन-तीन पुरेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं हा उसासा करायला लावला होता. ध्यान करणाऱ्या गटापेक्षा यांची मनःस्थिती जास्त सुधारलेली दिसली. एका अभ्यासावर फार इमारत उभी करू नये, पण ज्यांना ध्यान सोसत नाही त्यांना एवढा आधार पुरेसा आहे.

कपालभातीबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते. तो भराभर श्वासाचा, शरीराला जागवणारा प्रकार आहे. संध्याकाळच्या ताणावर तो उतारा नव्हे आणि उच्च रक्तदाबात तर टाळलेलाच बरा. भ्रामरी मात्र उत्तम, कारण गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. घरात हरिपाठ किंवा रामरक्षा म्हणायची सवय असेल तर नवीन काही शिकण्यापेक्षा तीच सावकाश म्हणा, एका श्वासात एक पूर्ण ओळ. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं दिसलं होतं. गाडी पकडायच्या घाईत दीड मिनिटात उरकलेल्या स्तोत्राला हा हिशेब लागू नाही. निदान श्वासापुरता तरी नाही!

श्वासाने ज्यांचं भागत नाही, विशेषतः ज्यांची मान आणि खांदे संध्याकाळी दगडासारखे होतात, त्यांच्यासाठी स्नायू आवळून सोडण्याची पद्धत आहे. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आवळलेल्या स्नायूला 'सैल हो' म्हणून तो सैल होत नाही, पण आधी मुद्दाम आवळून मग सोडला तर होतो. दोन्ही मुठी पाच सेकंद आवळा, पूर्ण जोराने नाही, साधारण सत्तर टक्के. मग एकदम सोडा आणि पंधरा सेकंद हातात काय जाणवतंय तिकडे लक्ष द्या. ऊब, जडपणा, झिणझिण्या, जे असेल ते. मग खांदे कानांपर्यंत वर आणि सोडा. मग कपाळ आणि डोळे, मग पोट, मांड्या, शेवटी पावलं. पोटऱ्या आवळताना पायाची बोटं खाली ताणू नका, गोळा येतो. बोटं आपल्याकडे ओढा. लोक घाई करतात ती सोडण्याच्या पंधरा सेकंदांत, आणि खरं काम तर तिथेच होतं. जबड्यासाठी वेगळी युक्ती: जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावून ठेवा, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे. संगणकासमोर बसल्या बसल्या दिवसातून दहा वेळा करता येतं.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती घरी पोहोचल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं. भांडणं तिथेच होतात. त्याआधीचे काही बदल पाहा.

तुम्ही जेवता दीड वाजता आणि घरी पोहोचता आठच्या सुमारास. साडेसहा तास पोटात चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही. उपाशी माणूस चिडतोच. सहाला निघताना मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे आणि एक केळं खा. वडापावनेही पोट भरतं, पण मग रात्रीचं जेवण लांबतं आणि झोपही.

स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षाऐवजी चाला, पंधरा मिनिटं, इतक्या वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही. ताणात शरीर पळण्या-लढण्यासाठी स्वतःला तयार करतं आणि आपण त्याला तीन तास दाटीवाटीत उभं करून ठेवतो. ती तयारी पायांतून खर्च होऊ द्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस करते. पाच दिवस पंधरा मिनिटं म्हणजे त्यातला अर्धा वाटा पायवाटेवरच उरकला. चालताना कानात ऑफिसचा फोन नको. गुडघे दुखत असतील किंवा पाऊस असेल तर हा आग्रह सोडा आणि श्वास दोन फेऱ्या जास्त करा.

घरात आल्यावर आधी हातपाय आणि तोंड गार पाण्याने धुवा आणि कपडे बदला. आपल्याकडे बाहेरून आलं की हातपाय धुवायची जी रीत आहे ती इथे फार कामाची आहे. चेहऱ्यावर गार पाणी लागलं की ठोके थोडे मंदावतात, हा शरीराचा एक जन्मजात प्रतिक्षेप आहे. हृदयविकार असणाऱ्यांनी बर्फाचं पाणी वापरू नये, साधं नळाचं पुरे. बायकोशी आणि मुलांशी हे आधीच बोलून ठेवा: 'मी आलो की दहा मिनिटं मला काही विचारू नका, अकराव्या मिनिटाला मी तुमचाच.' हे सुट्टीच्या दिवशी, शांतपणे सांगायचं, दारात उभं राहून चिडलेल्या आवाजात नाही. आणि दहाची वीस मिनिटं होऊ द्यायची नाहीत. मुलं तुमचा शब्द घड्याळ लावून तपासतात. बायकोही दिवसभर राबून आलेली असेल तर तिलाही तिची दहा मिनिटं मिळतील अशी पाळी ठरवा, नाहीतर तुमचा ताण उतरून तिच्या डोक्यावर बसेल.

चहाचं थोडक्यात. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं. शेवटचा चहा साडेतीनच्या आत घ्या. रोज पाच-सहा कप होत असतील तर एकदम तोडू नका, डोकं दुखतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा.

रात्री मुलांवर ओरडल्याचं जे मनात घोळत राहतं आणि त्याला जोडून उद्याची कामं, हप्ते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं एकामागून एक येतं, त्यावर चिंतेची वेळ ठरवणं हा उपाय आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण मानसोपचारात तो गेली चाळीस वर्षं वापरात आहे. रोज ठरलेल्या वेळी, जेवणानंतर समजा सव्वानऊला, पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं. अंथरुणावर नाही, जेवणाच्या टेबलाशी किंवा जमिनीवर. पानाचे दोन भाग करा. डावीकडे 'ज्यावर मी उद्या काही करू शकतो', उजवीकडे 'जे माझ्या हातात नाही'. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे उद्याची एकच छोटी कृती लिहा: 'डॉक्टरांना फोन, अकरा वाजता'. उजव्या बाजूचं फक्त लिहा आणि सोडा. दिवसभरात चिंता आली की तिला म्हणायचं, 'सव्वानऊला भेट.' चिंता दाबायची नसते, पुढे ढकलायची असते. दाबलेली परत उसळते, पुढे ढकललेली बऱ्याचदा सव्वानऊला येतच नाही. मोबाइलवर लिहू नका, लिहिता लिहिता हात दुसरीकडे जातो. अमेरिकेतल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

मुलांवर खेकसण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एक 'च' असतो. 'मी दमून आलोय, त्यांनी शांत बसलंच पाहिजे.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती नेमकं इथे बोट ठेवते. इच्छा रास्त आहे, हट्ट त्रासाचा आहे. 'शांत बसली तर मला बरं वाटेल, नाही बसली तरी मला ते सहन होईल' हे वाक्य चालताना दोनदा स्वतःशी म्हणा. पटलं नाही तरी म्हणा, पटायला थोडे आठवडे लागतात.

इथवरचं सगळं तापलेल्या शरीरासाठी. रविवारसाठी यातलं बरंचसं निरुपयोगी आहे. मरगळीत आणखी शिथिल होऊन काय मिळणार?

उदासीचा फास असा असतो: बरं वाटत नाही म्हणून करत नाही, करत नाही म्हणून आनंद किंवा समाधान मिळायचा एकही प्रसंग येत नाही, प्रसंग येत नाही म्हणून आणखी बरं वाटत नाही. पीटर ल्युइनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हे चक्र मांडलं आणि त्यावरची उपचारपद्धती आजही सौम्य ते मध्यम नैराश्यात पहिल्या उपचारांपैकी एक मानली जाते. फास मोडायची जागा एकच: आधी कृती, मग मनःस्थिती. मूड आल्यावर करीन म्हणणाऱ्याचा मूड येत नाही.

शनिवारी रात्री, डोकं ठीक असताना, रविवारच्या फक्त दोन गोष्टी लिहा. एक हातापायांची, एक माणसांची. प्रत्येक वीस मिनिटांच्या आतली. आणि त्यापुढे वेळ, जागा आणि पहिली हालचाल. 'सकाळी साडेआठ, पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवलेली, ती घेऊन भाजी आणायला.' 'अकरा वाजता, मुलीबरोबर कॅरमचे तीन डाव, बोर्ड आधीच काढून ठेवलेला.' मग करण्याआधी लिहा: यात मला किती मजा येईल, शून्य ते दहा? झाल्यावर पुन्हा लिहा. उदास माणूस आधीचा आकडा जवळपास नेहमीच कमी लावतो. आधी दोन, नंतर चार. चार म्हणजे काही फार आनंद नाही, पण अंथरुणात तो आकडा एकवरच राहिला असता. तीन-चार रविवारांच्या अशा जोड्या वहीत दिसल्या की 'काही उपयोग नाही' हे वाक्य आपोआप बोथट होतं. मी कितीही समजावलं तरी तेवढं पटत नाही.

कामं कोणती निवडायची? ज्यांत हात गुंततात आणि शेवट दिसतो अशी. मेथीची जुडी निवडणं, शिलाई सुटलेल्या शर्टाला बटण लावणं, कुंड्यांची माती उकरणं, कपाटाचा एकच खण लावणं. संपूर्ण कपाट नव्हे! इथे फसतं ते मोठ्या बेतांमुळे. 'रविवारी बारवी धरणापर्यंत सायकल' असं ठरतं, नऊ वाजता उठवत नाही, मग दिवसभर स्वतःला शिव्या. दुसरं, धूसर बेतांमुळे: 'जरा मन रमवायचं' ही कृती नाही. तिसरं, पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावल्यामुळे. सुरुवातीला कंटाळा येणारच, दहाव्या मिनिटापर्यंत थांबा. तेव्हाही नको वाटलं तर खुशाल सोडा आणि वहीत तसं लिहा.

माणसांपैकी कोणाला तरी आवाजाने भेटा, मेसेजने नाही. जुन्या मित्राला चालता चालता दहा मिनिटांचा फोन. रडगाणं गायलाच हवं असं नाही, क्रिकेटवर बोललात तरी चालेल.

रविवारी उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे नेऊ नका. सहाला उठणारा माणूस रविवारी साडेदहाला उठला की शरीराचं घड्याळ सरकतं, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार आधीच तुटलेला सुरू होतो. जास्त झोप हवीच असेल तर दुपारी गजर लावून पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. सकाळचं ऊन वीस-तीस मिनिटं अंगावर घ्या. बाहेर जाऊन, खिडकीतून नाही, कारण घरातला प्रकाश डोळ्यांना लख्ख वाटला तरी बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. उल्हास नदीच्या बाजूला चक्कर मारलीत तर भाजी, ऊन आणि चालणं एकाच फेरीत होईल. मोबाइल पूर्ण बंद करायला सांगत नाही, कोणी करत नाही. फक्त क्रम बदला: पहिली ठरलेली गोष्ट झाल्यावर रील्स, आधी नाही. आणि शनिवारी रात्री 'बसणं' होत असेल तर रविवारच्या जडपणाचं एक कारण तेच असू शकतं. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात ती तुटक होते.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा: गाडीत पाच मिनिटं श्वास, निघताना चणे, रविवारी एकच गोष्ट. दुसरा आठवडा: त्यात स्टेशन ते घर चालणं आणि सव्वानऊची वही. स्नायू आवळण्याची पद्धत खांदे फार दुखत असतील तरच. श्वासाचा सराव शांत असतानाही करायचा, कारण पहिल्यांदा भांडणाच्या ऐन मध्यात आठवून तो जमत नाही. एखादा दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायची नाही.

'औषध नको' या अटीबद्दल मात्र मोकळेपणाने बोलायला हवं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, कामावरचं लक्ष बिघडलं असेल किंवा आपण निकामी आहोत असं वाटत असेल, तर वरचे उपाय पूरक आहेत, पुरेसे नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भेटलं म्हणजे गोळ्या सुरूच होतात असं नाही, सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागतं. नैराश्यावरच्या गोळ्यांची चटक लागत नाही, मात्र त्या स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नसतात. कोणाच्या तरी चिठ्ठीवरच्या झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत, सवय लागते ती त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही. घरच्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

तसंच छातीत दुखून हात किंवा जबड्याकडे कळ जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर श्वास मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. ती धडधड एरवीची असली तरी एकदा साध्या तपासण्या करून घ्या: रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी असाल तर बी-१२ची आठवण डॉक्टरांना मुद्दाम करून द्या. बायकोला विचारा की तुम्ही घोरता का आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का. तसं असेल आणि दिवसा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर चिडचिड आणि मरगळ या दोन्हींचं मूळ झोपेत असू शकतं, आणि तिथे माझे उपाय फार पुढे जाणार नाहीत.

दोन आठवड्यांनी वहीतले आकडे लिहून कळवा, ताणाचे वेगळे आणि उदासीचे वेगळे. एक कमी झाला आणि दुसरा तसाच राहिला तर पुढे काय बदलायचं ते त्यावरून ठरवता येईल.